मल्लाप्पाअण्णा आणि घरमोटारीचं छप्पर

छपरातून थेंब जिथं पडतो, पाणी तिथूनच आत शिरलेलं असतं, असं तुम्हीही मानता काय?

मानत असाल तर तुमचा फारसा दोष नाही. मीही मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, छापतही होतो. दुःख दिसलं की मान वर करायची आणि वर जो बसला असेल त्याचं नाव ठळक टाइपात टाकायचं, ही माझी रीत. वर परकं सरकार बसलेलं असल्यामुळे माझा नेम सहसा चुकत नसे. एकदा चुकला. त्याची ही हकिकत आहे, आणि ती माझ्यापेक्षा बेळगावशेजारच्या शहापूरच्या मल्लाप्पाअण्णांची आहे.

आधी मोटारीविषयी सांगतो. बेळगावच्या कँपात एका साहेबाकडे एक अजब गाडी होती. लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी खोली बसवलेली. आत दोन्ही बाजूंना बाकं, ती ओढली की पलंग व्हायचे. भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल, एक कपाट, जाळीच्या खिडक्या. साहेब शिकारीला जाई तेव्हा आठ-आठ दिवस हिच्यातच राही. लोक तिला घरमोटार म्हणत. जर्मनीशी लढाई चालू असतानाच साहेबाची लांब बदली झाली. त्याच्या मडमेचं बाळंतपण कधीकाळी आमच्या डॉक्टर कमळाबाईंनी केलं होतं. त्या ओळखीवर तो जाताना गाडी बाईंना देऊन गेला, आणि बाईंनी तिची बाळंतिणींची गाडी केली. निपाणीपासून खानापूरच्या जंगलापर्यंत जिथं बैलगाडीत बाया अडून मरत, तिथं ही गाडी जाऊ लागली. दस्तगीर ती चालवायचा. मी कॉलेज सोडून बाईंकडे आलो होतो. रोग्यांची नोंद ठेवायची आणि जाईन तिथं मी लिहिलेली चळवळीची पत्रकं वाटायची, हे माझं काम.

गाडी उत्तम होती, फक्त गळत होती. वीस वर्षांचं छप्पर. फळ्यांवर रंगवलेलं जाड कापड चिकटवलेलं, त्याला जागोजाग भेगा. बेळगावच्या दोन मिस्त्र्यांनी डांबर थापून पाहिलं. उन्हात ते वितळलं, पावसात तडकलं. मग दस्तगीर म्हणाला, "बाई, हे लोखंडवाल्याचं काम न्हाय, कापडवाल्याचं हाय. बँडेजचं कापड विणणाऱ्या आपल्या अण्णांना विचारू."

मल्लाप्पाअण्णा आले ते छत्री काखेत मारून, अनवाणी. पंचावन्न-साठीचे, सुकलेले, डोळे मागावर झिजून पाणावलेले. त्यांच्या घरी दोन माग. एक लढाईत सूत मिळेनासं झालं तेव्हापासून उभाच होता. गाडीपाशी आल्यावर त्यांनी छपराकडे पाहिलंच नाही. आत जाऊन पलंगावर हात फिरवला आणि विचारलं, "बाळंतीण हितं निजती?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग मी बी हितं निजतो. दस्तगीर, घागर घेऊन वर चढ."

अंगरखा काढून ते उघड्या अंगानं पलंगावर उताणे झाले. त्याआधी चुलीतली कोरडी राख मागवून त्यांनी छताच्या आतल्या प्रत्येक पट्टीला ती चोळली होती.

"अण्णा, सोडू पाणी?" वरून दस्तगीर ओरडला.

"सोड. पर देवाला घालतोस तसं सोड. आग विझवाया आल्यागत नको."

थोड्या वेळानं त्यांच्या छातीवर टपकन थेंब पडला. मी लगेच बोट दाखवलं, "इथून गळतंय!"

"पडतंय हितं," ते निजूनच म्हणाले. "शिरलं कुठनं? राख बघ."

राखेत एक काळी ओली रेघ उमटली होती. ती पट्टीवरून वाकडी-तिकडी पुढे पुढे जात पार चालकाच्या डोक्यावर पोचली होती. तिथं कापडाखाली बोट जाईल एवढं भोक निघालं. साहेबानं तिथं सांबराची शिंगं ठोकली होती. झालं, मी सुरू झालो. साहेबाची शिकार, साहेबाचा माज आणि त्यापायी आमच्या लेकीबाळींच्या अंगावर पडणारं पाणी! अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खिळा साहेबानं ठोकला, खरं हाय. पर शिंगं काढून भोक तसंच कुणी ठेवलं?"

छपरावरचा दस्तगीर एकदम घागर भरायला विहिरीकडे गेला.

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव छापखाना ठेवलं. "काय रं छापखाना, आज कुणावर?" असं भेटल्या भेटल्या विचारायचे.

गाडीचं गळणं त्यांनी महिनाभरात बंद केलं. सांध्यांत सुताचे पीळ ठासले, वर फटी बुजवायचं लुकण भरलं. जवसाच्या तेलात राळ आणि थोडं मेण कढवून त्यात जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या धोतरांचे पट्टे बुडवले आणि पुढच्या पट्ट्याची कड मागच्यावर चढवत छपरावर बसवले. पुढचे दोन पावसाळे थेंब आला नाही. तेवढ्या काळात, आधी ज्या बाया वाटेत गेल्या असत्या, त्यांतल्या कितीतरी बाया आणि त्यांची पोरं जिवंत घरी गेली.

काम झालं म्हणून अण्णा सुटले नाहीत. शहापुरात पावसाचा सडाका आला की त्यांचा माग थांबायचा. बाहेर येऊन ते जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत, "गाडी आज कुठल्या वाटेला हाय?" गाडी परत आली की बाळंतीण कशी आहे, मुलगा की मुलगी, काही न विचारता अनवाणी आत शिरत आणि गादीखाली हात घालत. मग चेहरा सैल व्हायचा. "कोरडं हाय." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकली नाही. माणसांनाही ते हेच माप लावत. एकदा मी त्यांना सभेला नेलं. वक्ता नामांकित, टाळ्या थांबेनात. येताना विचारलं, "भाषण कसं वाटलं, अण्णा?"

"वरनं झ्याक हाय," ते म्हणाले. "आत वल हाय."

निपाणीत तंबाखूच्या एका व्यापाऱ्यानं त्यांची कीर्ती ऐकून माणूस पाठवला. त्याच्या मोटारीचं कापडी टप गळत होतं. अण्णा गेले, टप चाचपलं आणि विचारलं, "हिच्यात निजतं कोण?"

"निजतंय कशाला कोण? मी पेढीवर जातो हिच्यातनं."

"मग छत्री घेऊन बसा की शेट. माझ्याकडं राळ थोडी हाय."

दस्तगीर वाटभर हसत होता. मी मात्र ती गोष्ट पत्रकात घातली, व्यापाऱ्याला चांगलं झोडपून. अण्णांनी ती अक्षर लावत लावत वाचली आणि म्हणाले, "त्यो हसला व्हता रं माझ्या बोलण्यावर. चहा बी दिलता. त्ये न्हाय लिवलंस."

मी म्हणालो, "त्यानं मुद्दा बोथट होतो."

त्यांनी पत्रकाची घडी घालून ते माझ्या हातात परत दिलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मनानं घेतलं की धोतरांचं छप्पर आता थकलंय, यंदा नवं घालायचं. आणि जुनं कापड नको, नवं, आपल्या हातचं. दोन वर्षं राखून ठेवलेलं सूत त्यांनी बाहेर काढलं. लेकीच्या लुगड्यासाठी ठेवलं होतं ते. उभा माग पुन्हा चालू झाला. आम्ही बघायला गेलो, तर तोंडानं हूं नाही की चूं नाही, नुसता धोटा इकडून तिकडे. असं घट्ट कापड मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दस्तगीर म्हणाला, "अण्णा, ह्येच्यातनं वारा बी विचारून जाईल." अण्णा लाजले.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. विणण्याआधी सुताला खळ देतात, म्हणजे धान्याची पेज पाजतात, त्यानं धागा ताठ होतो, तुटत नाही. नवं कापड त्या खळीसकटच घराबाहेर पडतं. शहापुरातला कुठलाही विणकर आपलं कापड स्वतः धूत नाही. कापडाचं पहिलं पाणी नेसणाऱ्याच्या घरचं, ही तिथली पिढ्यांची चाल. लेकीला सासरी पाठवावी तसं ते कापड पाठवतात, कडक, करकरीत. पहिल्या छपराची धोतरं लोकांच्या अंगावर शंभरदा धुतलेली होती. त्यांच्यात खळीचा कण नव्हता, तेल धाग्याच्या पोटात गेलं होतं. हे नवं कापड अण्णांनी मागावरून काढलं, कपाळाला लावलं, जसंच्या तसं तेलात बुडवलं आणि जुने पट्टे काढून त्यांच्या जागी चढवलं. ते धुवायला हवं होतं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. एखाद्या लोहाराच्या, सुताराच्या हातून ही चूक झाली नसती. त्यानं जुनेरच वापरलं असतं.

छप्पर दिसायला आरशासारखं झालं. बाईंना ते म्हणाले, "आता थेंब न्हाय, बाई. माझी जबान."

आषाढात कणेवाडीहून निरोप आला. सावित्रा नावाची पहिलटकरीण, आठवा महिना, कळा सुरू. आम्ही सकाळीच तिला गाडीत घेतलं. परतताना ओढ्याला पाणी चढलेलं. अलीकडे थांबण्यावाचून इलाज नव्हता. दुपारी तिथंच गाडीत ती बाळंत झाली. मुलगी. वीतभर, पण रडली. बाईंनी तिला कापसात गुंडाळलं.

पाऊस सकाळपासून एकसारखा होता. पहिला थेंब पडला तेव्हा मला वाटलं बाईंच्या हातचं पाणी असेल. मग धार लागली. खळ भिजून वरचं कापड फुगलं, सैल पडलं आणि कडेनं उचकटलं. साठलेलं पाणी एकदमच आत आलं, नेमकं पलंगावर. गादी, घोंगडी, कापूस, सगळं भिजलं. बाईंनी पोरीला पोटाशी धरून वर पदर घेतला, तोही ओला. दस्तगीर बाहेर उभा राहून दोन्ही हातांनी कापड दाबून धरत होता आणि रडत होता. ओढा उतरायला तीन तास लागले. बेळगावात पोचलो तेव्हा दिवस होता, पण पोर गार झाली होती.

अण्णा बाईंच्या दारातच उभे होते. नेहमीसारखे आत शिरले, गादीखाली हात घातला. हात तसाच ठेवून ते कितीतरी वेळ वाकून उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी कापडाची लोंबणारी कड फाडली, बोटांत चोळली आणि जिभेला लावली.

"खळ," ते म्हणाले.

बाई थकून पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मल्लाप्पा, आठव्या महिन्यातलं मूल होतं. कोरडं असतं तरी जगलं असतं असं मला सांगता येणार नाही."

"गेलं असतं असं तरी सांगता येतं का, बाई?"

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. त्या खोटं बोलत नसत.

मी मात्र त्याच आठवड्यात पत्रक काढलं. 'कंट्रोलच्या कुजक्या सुतानं घेतलेला बळी.' सरकार चांगलं सूत दाबून ठेवतं आणि वाटपात विणकराच्या माथी कुजकं मारतं, त्या सुताचं छप्पर फाटलं आणि कणेवाडीच्या लेकराचा जीव गेला. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हे खरं आहे. पण खळीची गोष्ट मला ठाऊक होती, हेही खरं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळ्या बाजारांत ते पत्रक गेलं. लोकांनी ते चावड्यांवर मोठ्यानं वाचलं.

अण्णा ते हातात घेऊन माझ्याकडे आले.

"हे सूत कुजकं व्हतं, असं कोण बोललं तुला?"

"कंट्रोलचं सूत कुजकंच असतं, अण्णा. सारं शहापूर म्हणतं."

"असंल. ह्ये न्हवतं. ह्ये मी धागा धागा निवडलेलं. सूत चांगलं व्हतं. खळ मी धुतली न्हाय. असं लिव्ह."

"तुमचं नाव घालून? लोक तुम्हांला काय म्हणतील? आणि सरकारला तर आयतंच कोलीत मिळेल."

"सरकारनं लई पापं केल्यात. ती लिव्ह की. कोण नको म्हणतंय? पर ही त्येची न्हाय. ही माझी हाय."

मी त्यांना समजावू लागलो, की एवढ्या मोठ्या लढाईत बारीकसारीक गोष्टींकडे बघून चालत नाही.

"व्हय," ते म्हणाले. "वीतभर व्हती. बारीकच."

त्यांनी सगळं छप्पर एकट्यानं उतरवलं. कापड सोड्याच्या पाण्यात उकळलं, नदीवर आपटलं, पुन्हा उकळलं, खळीचा अंश जाईपर्यंत. मग नव्यानं बसवलं. त्यानंतर उरलेल्या पावसात एक थेंब आत आला नाही. गाडी आली की ते गादीखाली हात घालायचे, पण 'कोरडं हाय' असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. छप्पर पक्कं झाल्याची खात्री पटल्यावर ते मला म्हणाले, "मी कणेवाडीला चाललोय, त्या पोरीला सांगाया. तू बी चल. तू छापलंयस, तूच सांग."

मी म्हणालो, छापखान्यात काम आहे.

पुढचं मला त्यांना गाडीतून नेणाऱ्या दस्तगीरनं सांगितलं. अण्णा त्या घराच्या अंगणात बसले. ओटीवर चढले नाहीत. सूत चांगलं होतं, चूक माझी होती, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. सावित्राचा नवरा आत जाऊन पत्रक घेऊन आला. मास्तरांनी ते सगळ्या गावाला वाचून दाखवलेलं, घरात जपून ठेवलेलं.

"ह्यात छापलंय ते खोटं, आन् तू खरा? कुठल्या साहेबानं धाडलं रं तुला, म्हाताऱ्या?"

चार माणसं जमली. कुणी म्हणालं, सरकारचा माणूस आहे. कुणी छत्री ओढून घेतली. अण्णा फक्त सावित्राकडे बघत होते. ती दाराच्या आडून म्हणाली, "आजोबा, माझी लेक कुणी मारली ते छापून आलंय. तुमी कशापायी खोटं बोलताय?"

परतताना वाटेत एका गावात एक बाई तपासायची होती, तिथं गाडी थांबली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "दस्तगीर, माझं न्हाय रं ऐकलं तिनं. कागदाचं ऐकलं."

ऐकून मला वाटलं, आता छापलंच पाहिजे. पण रोज दुसरं काहीतरी निकडीचं निघे. स्वातंत्र्य दारात आलं होतं, जिकडे तिकडे सभा, मोर्चे. एका म्हाताऱ्याच्या चार ओळींसाठी जागा कुठून काढायची? असं मी स्वतःला सांगत राहिलो.

कार्तिकात मी त्यांना शेवटचं पाहिलं. स्वच्छ ऊन पडलं होतं. छापखान्याच्या दारात ते उभे होते, अनवाणी. अंगात तापाची कसर होती, अंगरख्यावर घोंगडी घेतलेली. मला ते यंत्राच्या फटीतून दिसले. त्यांना मी दिसलो नाही. यंत्र चालवणाऱ्या माणसाला मी हातानं खूण केली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. तो नंतर म्हणाला, म्हातारा बराच वेळ थांबला. जाताना नुकत्याच छापलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर त्यानं अलगद हात ठेवला, शाई ओली आहे का बघत असावा तसा, आणि गेला. आठ-दहा दिवसांनी शहापूरहून ते गेल्याची बातमी आली. छातीत कफ भरला होता. आमच्या बाई उशाशी होत्या. मी नव्हतो.

म्हणून आज, उशिरा, हे छापतो आहे. तुम्ही मला शिव्या द्या, त्याला माझी हरकत नाही. पण एक काम करा. खानापूरच्या पुढे जंगलाच्या कडेला कणेवाडी आहे. तिथं सावित्रा राहते. तिला वाचता येत नाही, आणि तोंडी सांगितलेलं ती मानणार नाही. तो धडा तिला मीच दिला आहे. मी स्वतः दोनदा गेलो, मी खरं सांगू लागताच त्यांनी दार लावून घेतलं. वरून दबाव आला म्हणून मी उलटलो, असं त्यांना वाटतं. तुमच्यापैकी जो कुणी त्या वाटेनं जाणार असेल, बाजाराला, पाहुण्यांकडे, कशालाही, त्यानं हा कागद बरोबर न्यावा. तिच्या अंगणात बसून तो मोठ्यानं वाचावा, गावकऱ्यांसमोर वाचावा. आणि पुढच्या ओळीवर तिचं बोट धरून ठेवावं, म्हणजे ती छापलेली आहे हे तिला दिसेल:

सूत चांगलं होतं. तुझ्या अंगणात आलेला म्हातारा खरं बोलत होता.